फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी

कॉम्प्युटर सगळ्यात घातक प्रश्न फार सभ्यपणे विचारतो. एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह जोडली की पडद्यावर छोटी चौकट उमटते: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? ‘हो’ म्हटलं तरी लगेच काही बिघडत नाही. आणखी एक खिडकी येते, मग आणखी एक इशारा. पण ज्याचे दहा वर्षांचे फोटो आत अडकलेत तो माणूस त्या वेळी वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो. दिसेल त्या खिडकीला ‘ओके’ म्हणत सुटतो. क्विक फॉरमॅटमध्ये निदान जुना मजकूर बराचसा जागेवर राहतो, फक्त नोंदी नव्याने लिहिल्या जातात. ‘क्विक’ची खूण काढून कोणी पूर्ण फॉरमॅट केला, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहीत जातात. त्यानंतर कितीही हुशार कारागीर गाठला तरी तो हात वर करतो.

माझं मत विचाराल तर ड्राइव्हच्या बिघाडापेक्षा, बिघाडानंतरच्या पहिल्या तासात मालकाने केलेल्या खटपटींनी जास्त डेटा जातो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी एकच ठरवायचं: आपल्याला ड्राइव्ह परत हवीय की आतला डेटा? ड्राइव्ह बाजारात नवी मिळते. डेटाची दुसरी प्रत कुठे असेल तर खुशाल हवे ते प्रयोग करावेत, अगदी फॉरमॅटसुद्धा. प्रत नसेल तर मात्र डिस्कवर काही लिहिलं जाईल असं काहीच करायचं नाही, आणि तिला विनाकारण फिरत ठेवायचं नाही. पुढचं सगळं हे धरूनच वाचावं.

‘ड्राइव्ह दिसत नाही’ ही तक्रार वरवर एक वाटते, पण तिच्या पोटात चार-पाच वेगळ्या तक्रारी असतात. कुणाची लाइटच लागत नाही. कुणाची लागते, पण कॉम्प्युटर ढिम्म. कुठे जोडल्याचा आवाज येतो, पण ‘धिस पीसी’मध्ये नाव उमटत नाही. कुठे नाव उमटतं, क्लिक केलं की हिरवी पट्टी सरकत राहते आणि उघडत काहीच नाही. दुरुस्तीवाल्याला फोन लावला की म्हणूनच तो आधी विचारतो, “दादा, लाइट लागते का? आवाज कसला येतोय?” आपण सांगत असतो की आत मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत, आणि त्याला हवं असतं ते एवढंच, की गाडी कुठल्या स्टेशनवर अडकलीय.

ती स्टेशनं कळायला डबीच्या आत डोकवावं लागतं. आत दोन वस्तू असतात. एक खरी डिस्क. खिशात मावणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडीच इंची असते, आतल्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, आणि त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटरवरून तरंगत जातं. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून त्या फटीचा अंदाज यावा. दुसरी वस्तू म्हणजे बोटाएवढा सर्किट बोर्ड. डिस्कला कळते ती साटाची भाषा, केबलमधून येते ती यूएसबीची. मधे दुभाषा म्हणून एक चिप बसवलेली असते, तिला ब्रिज म्हणतात. कॉम्प्युटर डिस्कशी थेट कधीच बोलत नाही, तो ब्रिजशी बोलतो. त्यामुळे असं होऊ शकतं, आणि नेहमी होतं, की डिस्क ठार मेलेली आहे आणि कॉम्प्युटर मात्र ‘नवं उपकरण सापडलं’ म्हणून आनंदाने सांगतो. उलटही होतं: डिस्क ठणठणीत आणि ब्रिज जळालेला. काही पोर्टेबल ड्राइव्हमध्ये ब्रिजचा बोर्ड आणि डिस्कचा स्वतःचा बोर्ड वेगळे नसतातच. यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्याच बोर्डावर झाळलेलं असतं. ‘डबी फोडून आतली डिस्क काढू आणि दुसऱ्या डबीत घालू’ ही युक्ती तिथे चालत नाही.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ सालच्या जानेवारीत आली. इंटेलमध्ये ती घडवणाऱ्यांत अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनियर झालेले. त्याआधी प्रिंटरला वेगळी केबल, माउसला वेगळी, मोडेमला वेगळी, आणि जोडल्यावर बहुतेक वेळा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू. भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जाच संपवला तो एका ठरलेल्या संभाषणाने. केबल खोचली की उपकरण आपल्या डेटाच्या तारेवरचं व्होल्टेज १.५ किलोओहमच्या एका छोट्या रोधकातून वर खेचतं. कॉम्प्युटरला कळतं, दारात कोणीतरी आलंय. तो उपकरणाला रीसेट करतो, १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि विचारतो, तू कोण? उपकरण आपल्या कंपनीचा क्रमांक, मालाचा क्रमांक, किती वीज लागेल, हे सगळं सांगतं. मग योग्य तो ड्रायव्हर उचलला जातो. यूएसबी ३ मध्ये जास्तीच्या तारांवर ओळखपाळख थोड्या वेगळ्या तऱ्हेने होते, पण प्रश्नोत्तरं तीच.

विंडोजमध्ये ‘टुडूम’ वाजतं ते यातूनच. म्हणून पहिली तपासणी कानांनी करायची. केबल खोचल्यावर काहीच वाजलं नाही, तर संभाषण सुरूच झालेलं नाही. वीज, केबल, पोर्ट किंवा बोर्ड यांतलं काहीतरी. ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा संदेश आला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ दिसला, तर दारात कोणीतरी आहे पण नाव धड सांगता येत नाहीये. लोक हा संदेश पाहून हबकतात. मला तो शांततेपेक्षा बरा वाटतो, कारण पलीकडे निदान हालचाल आहे, आणि बऱ्याचदा दोष एखाद्या तुटक्या तारेचा निघतो.

आता वीज. अडीच इंची ड्राइव्हला वेगळा अडॅप्टर नसतो; तिचं सगळं पोट पोर्टवर. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पियर देतो, यूएसबी ३ चा ९००. एकदा फिरायला लागल्यावर डिस्कला फारसं लागत नाही, पण स्थिर तबकडीला गती देताना क्षणभर एक ॲम्पियरच्या आसपासही मागणी जाते. पोर्ट अशक्त असेल तर लाइट लागते, डिस्क फिरू लागते, एक ‘टक्’ होतं, गती मरते, पुन्हा सुरुवात. ऐकणाऱ्याला वाटतं डिस्क गेली. प्रत्यक्षात ती उपाशी असते. डेस्कटॉपच्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट आतून लांबलचक बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, तिथे हा प्रकार फार. मागच्या पोर्टमध्ये लावा. हब मधे असेल तर काढा, विशेषतः स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब. टीव्हीच्या पोर्टने आणि मोबाइलच्या ओटीजीनेही ड्राइव्ह नाकारली म्हणून तिला मेलेली समजू नये. जुन्या काळी दोन पोर्टांतून वीज घेणाऱ्या वायच्या आकाराच्या केबल मिळत; अजूनही कुठल्या तरी कपाटात सापडतील, आणि अशा वेळी कामाला येतील.

केबलविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मे निवाडे इथेच होतात असा माझा अनुभव. गेल्या दहा-बारा वर्षांत विकल्या गेलेल्या बहुतेक पोर्टेबल ड्राइव्हचं सॉकेट नीट पाहा: चपटं, रुंद, आणि मधे खाच. जणू दोन सॉकेटं शेजारी चिकटवलीत. खरोखर तसंच आहे. रुंद भाग म्हणजे जुन्या मोबाइल चार्जरचं मायक्रो यूएसबी, पाच पिनांचं. अरुंद भागात यूएसबी ३ साठी वाढवलेल्या आणखी पाच पिना. या दहांपैकी वेगवान पाच पिनांच्या तारा आधी दगा देतात, कारण केबल गुंडाळताना ताण नेमका प्लगच्या मानेवर येतो. त्याची एक फुकट चाचणी आहे. घरात अँड्रॉइड फोनची जुनी मायक्रो यूएसबी केबल असेल, ती ड्राइव्हच्या रुंद भागात बरोबर बसते. ड्राइव्ह तिच्यावर चालू झाली, हळू का होईना, तर तबकड्या आणि ब्रिज दोन्ही शाबूत. मूळ केबल किंवा सॉकेटचा अरुंद भाग दोषी. वेग सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइटवर येईल, एरवी शंभराच्या पुढे असतो. पण डेटा काढून घ्यायला तेवढा पुरे. फक्त ती जुनी केबल डेटावाली हवी. स्वस्त चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, नुसती वीज. अशा केबलने ड्राइव्हची लाइट झकास लागते आणि कॉम्प्युटर काही बोलत नाही. नव्या टाइप-सी केबलींतही ही जात आहेच.

प्लग हलवल्यावर ड्राइव्ह कधी दिसते, कधी जाते असं होत असेल, तर सॉकेटची झाळ सुटली आहे. अशा वेळी एका हाताने प्लग दाबून धरून फाइली कॉपी करणारे महाभाग असतात. नका करू. कॉपी चालू असताना दहा वेळा वीज तुटली तर सॉकेटचा साधा दोष फाइल सिस्टिमपर्यंत, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदींपर्यंत, पोचतो. मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे सॉकेट पुन्हा झाळून देतो.

टेबलावर ठेवायच्या साडेतीन इंची ड्राइव्हला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर असतो, आणि डिस्कच्या आधी बऱ्याचदा तोच मरतो. लाइट लागते पण डिस्क फिरत नाही, तर तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त ॲम्पियरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा, टोकाची उलटसुलट बाजू तपासून. याच्या उलट अपघात घराघरांत होतो: टेबलाखाली वायरींचा गुंता, त्यात लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर, आणि त्याची पिन ड्राइव्हच्या भोकात अगदी बेतून दिल्यासारखी बसते. एक जळका वास, आणि सगळं शांत. ड्राइव्हच्या बोर्डावर याच प्रसंगासाठी टीव्हीएस नावाचे डायोड ठेवलेले असतात. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन मागच्या चिपा वाचवतात. बोर्डाला ओळखणारा माणूस तो मेलेला डायोड काढतो आणि नशीब चांगलं असेल तर डिस्क पुन्हा फिरते, निदान डेटा उतरवून घेण्यापुरती. मात्र ‘तसल्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावू’ हा हिशेब आताच्या ड्राइव्हमध्ये चुकतो. प्रत्येक डिस्कची आपापली मोजमापं तिच्या बोर्डावरच्या एका लहानशा चिपमध्ये असतात. ती चिपही सोबत हलवावी लागते.

कोकणपट्टीत आणखी एक शत्रू आहे. चार महिने हवेत पाणी असतं, त्यात खारं. डिस्कचा बोर्ड आणि आतली हेडं यांना जोडणारे बारीक संपर्कबिंदू काळवंडतात. बोर्ड काढून ते बिंदू साध्या खोडरबराने घासणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्याने चालू झालेल्या ड्राइव्हही.

वीज आणि केबल ठीक असूनही ड्राइव्ह गप्प असेल, तर तिला कान लावा. निरोगी ड्राइव्ह आधी हलकी घरघर करत वेग घेते, मग हेडं आपल्या उतरणीवरून तबकडीवर येताना दोन-तीन बारीक टिकटिक होतात, मग एकसुरी शांत गुणगुण. इथवर सगळं ऐकू आलं तर काळजी बरीच कमी करावी. ठरावीक अंतराने टक… टक… टक… असा आवाज म्हणजे हेड तबकडीवरच्या खुणा शोधतंय आणि त्या सापडत नाहीयेत. इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: ड्राइव्हचं स्वतःचं बरंचसं फर्मवेअर बोर्डावर नसतं, ते तबकडीवरच एका राखीव पट्ट्यात लिहिलेलं असतं. हेड ते वाचू शकलं नाही, तर ड्राइव्हला आपली क्षमता एक टेराबाइट आहे की दोन, हेही सांगता येत नाही. कॉम्प्युटर मग शून्य आकार दाखवतो किंवा ब्रिजच्या चिपचंच नाव दाखवून मोकळा होतो. बीप-बीप असा बारीक सूर म्हणजे मोटर फिरू पाहतेय पण अडलीय. एक तर वीज कमी, नाहीतर हेडं तबकडीला चिकटली. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज आला तर विचार न करता केबल उपटा. त्या क्षणी हेड तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडत असतं, आणि त्या थरावरच तुमचा डेटा आहे.

एरवी चालत्या ड्राइव्हची केबल अचानक निघाली तर ती लगेच मरत नाही. वीज गेली की स्वतःच्या फिरण्यातूनच मोटर थोडी वीज तयार करते आणि तेवढ्यावर हेडं घाईने उतरणीवर नेऊन ठेवते. हेडं वाचतात, अर्धवट लिहिलेल्या नोंदी मात्र वाचत नाहीत. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हा पर्याय आपोआप लागू असतो, म्हणजे लिहायचा मजकूर फार वेळ मेमरीत तुंबवला जात नाही. तरीही कॉपी चालू असताना केबल ओढणं हा आत्मघातच.

आवाज ठीक, लाइट ठीक, ‘टुडूम’ही झालं आणि तरी ड्राइव्ह नाही, तर दोष आता बहुधा लोखंडात नाही, लिखाणात आहे. आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मुद्दाम रीस्टार्ट म्हणतोय. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही, फास्ट स्टार्टअपमुळे गाभा तसाच गोठवून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच अडकलेला उठतो. मग स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्यात डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतील. आपल्या ड्राइव्हच्या पट्टीवर काय लिहिलंय, यावर आता सगळं.

निळी पट्टी, आकार बरोबर, ‘हेल्दी’ लिहिलेलं, फक्त ई किंवा एफ असं अक्षर नाही: सुटलात. ते अक्षर एखाद्या कार्ड रीडरने किंवा ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने बळकावलेलं असतं. उजवी क्लिक करून नवं अक्षर द्या, आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. ‘ऑफलाइन’ लिहिलंय: बहुधा ही डिस्क दुसऱ्या एखाद्या जोडलेल्या डिस्कची हुबेहूब प्रत आहे, दोघींची ओळखखूण एक असल्याने विंडोजने एकीला बाजूला बसवलंय. दुसरी काढा, हिला ऑनलाइन करा.

‘रॉ’ लिहिलंय, किंवा सुरुवातीला सांगितलेली फॉरमॅटची चौकट येते: इथे जीव वर-खाली होतो. पण जमीन आणि सातबारा यांत जो फरक, तोच तबकडीवरचा डेटा आणि फाइल सिस्टिम यांत. सातबाऱ्याचं पान फाटलं म्हणून शेत वाहून जात नाही. कुठला गट कुणाच्या नावावर एवढंच कळेनासं होतं. त्यात विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम, एनटीएफएस, आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत विभागाच्या (पार्टिशनच्या) अगदी शेवटी ठेवते, आणि नव्या पद्धतीच्या जीपीटी डिस्कवर विभागांच्या सगळ्या तक्त्याचीच दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला असते. टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर या प्रती शोधतं, आतल्या फाइलींची यादी आधी नुसती दाखवतं, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय डिस्कवर काही लिहीत नाही. विश्वास ठेवण्याजोगं आहे, फक्त काळ्या पडद्यावरचं रूक्ष रूप पाहून बिचकायचं नाही. ‘अनअलोकेटेड’ म्हणजे विभागांचा तक्ताच हरवलाय, उपाय हाच. ‘नॉट इनिशियलाइज्ड’ असेल आणि विंडोज इनिशियलाइज करू का असं विचारत असेल, तर ‘कॅन्सल’. तिथे हो म्हणणं म्हणजे जुन्या तक्त्याच्या जागी नवा कोरा तक्ता लिहिणं. आणि याच शब्दांपुढे डिस्कचा आकारच दिसत नसेल, ‘नो मीडिया’ लिहिलेलं असेल, तर समजावं की बोलतोय तो नुसता ब्रिज, मागची डिस्क उत्तर देत नाहीये. सॉफ्टवेअरचा खेळ तिथे संपला.

कधी कधी ड्राइव्हला काहीच झालेलं नसतं, ती परक्या प्रांतात आलेली असते. मॅकवर एपीएफएसमध्ये किंवा लिनक्सवर ईएक्सटी४ मध्ये तयार झालेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, आणि तो तिला सरळ फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. टीव्हीवर कार्यक्रम रेकॉर्ड करायला दिलेल्या ड्राइव्हचंही तेच. टीव्ही तिला आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो. ऑफिसातून आलेली ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी किल्लीशिवाय पुढे जाता येत नाही. मॅकवाल्यांसाठी दोन खास गोष्टी. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकमध्ये मॅकओएस व्हेंचुरापासून नवी ॲक्सेसरी जोडू द्यायची का असं विचारलं जातं. तिथे चुकून नकार गेला तर ड्राइव्ह दिसणारच नाही. आणि एक्सफॅटची मोठी ड्राइव्ह नीट ‘इजेक्ट’ न करता काढली असेल, तर पुढच्या वेळी मॅक गुपचूप तिची तपासणी करत बसतो. अर्धा तास, कधी त्याहून जास्त, पडद्यावर काही नाही, ड्राइव्हची लाइट मात्र लुकलुकत असते. चहा घ्या, वाट पाहा. तिथेही ‘इनिशियलाइज’चं बटण असतं, आणि तेही तितकंच टाळायचं.

ड्राइव्ह दिसतेय पण फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतायत, ही सगळ्यात फसवी अवस्था. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची आरोग्यवही, म्हणजे स्मार्ट, वाचून दाखवतं. त्यात ‘पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कवरचे काही तुकडे आत्ता वाचता येत नाहीयेत. इथे हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे विंडोजचा चेकडिस्क चालवा. माझा याला स्पष्ट विरोध आहे. चेकडिस्कला फाइल सिस्टिम सुसंगत करायची असते, तुमच्या फाइली वाचवायच्या नसतात. वाचता न आलेली नोंद तो सुसंगतीसाठी कापून टाकतो. वर सगळी डिस्क पुन्हा पुन्हा चाळून आधीच थकलेल्या हेडांना दमवतो. चेकडिस्क निरोगी डिस्कवरच्या बिघडलेल्या नोंदींसाठी आहे, आजारी डिस्कसाठी नाही.

आजारी डिस्कवरून आधी प्रत काढायची. फाइलींची कॉपी नव्हे, सेक्टर-न्-सेक्टरची. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे काम फार शहाणपणाने करतं: जे पटकन वाचलं जातं ते आधी उचलतं, अडलं की रेंगाळत न बसता पुढे उडी मारतं, कुठलं राहिलं याचा नकाशा फाइलीत ठेवतं, आणि शेवटी उरलेल्या अवघड जागांकडे वळतं. मधेच थांबवून उद्या तिथूनच पुढे सुरू करता येतं. त्यासाठी तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराची कोरी ड्राइव्ह लागते आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करता येणारी एखादी भाची किंवा पुतण्या. मग टेस्टडिस्क वगैरे जे काही चालवायचं ते या प्रतीवर. टेस्टडिस्कचंच भावंड फोटोरेक फाइल सिस्टिम बाजूला ठेवून नुसत्या खुणांवरून फोटो आणि कागदपत्रं ओळखून काढतं. फाइलींची नावं आणि फोल्डर जातात, हजारो फोटो क्रमांक लावून समोर येतात, पण येतात.

ड्राइव्ह फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून ऐकू येतो. फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर, आपल्या हवेत तर हमखास, दव धरतं. काही नॅनोमीटरवरून उडणाऱ्या हेडापुढे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगर. टेबलावर हलकेच आपटायचा उपायही त्याच पंगतीतला.

डबी फोडून डिस्क दुसऱ्या डबीत घालण्याआधीही दोन गोष्टी तपासाव्यात. काही कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये ब्रिजची चिपच सगळा डेटा सांकेतिक करून लिहिते, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी. दुसऱ्या ब्रिजमधून तोच डेटा निरर्थक दिसतो. आणि दोन टेराबाइटपेक्षा मोठ्या काही जुन्या डब्या जुन्या विंडोजची मर्यादा चुकवण्यासाठी सेक्टरचा आकार ५१२ ऐवजी ४,०९६ बाइट सांगत. ती डिस्क थेट जोडली की विभागांचा तक्ता आठपट चुकीच्या जागा दाखवतो आणि धडधाकट डिस्क ‘रॉ’ भासते. जुन्या डबीचा बोर्ड म्हणूनच फेकून देऊ नये.

हेड बदलायची वेळ आली असेल तर ते घरचं काम नाही, आणि ‘डेटा रिकव्हरी’ची पाटी लावलेल्या प्रत्येक दुकानाचंही नाही. झाकण उघडायला क्लीन रूम लागते, आणि ती म्हणजे एसी लावलेली खोली नव्हे. या कामाच्या खोलीत घनफुटाला अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नसावे लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात विचारणा करताना सरळ विचारावं: झाकण उघडायचं काम तुम्ही स्वतः करता की पुढे पाठवता? डेटा मिळाला नाही तर पैसे लागतात का? मिळालेल्या फाइलींची यादी आधी दाखवाल का? गोलमोल उत्तर आलं तर ड्राइव्ह पिशवीत घालून दुसरं दार गाठावं, कारण एकदा चुकीच्या हातांनी उघडलेली डिस्क चांगले लोकही जड मनाने घेतात.

आणि वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी: वॉरंटी ड्राइव्हची असते, डेटाची नाही. कंपनी बदली ड्राइव्ह देते आणि जुनी ठेवून घेते, आतल्या सगळ्या कागदपत्रांसकट. डबी फोडली की ती वॉरंटीही सहसा संपते. तेव्हा आत फक्त सिनेमे असतील तर बिल शोधून सर्व्हिस सेंटर गाठावं. घरातले एकुलते एक फोटो किंवा क्लायंटचे हिशेब असतील तर बदली ड्राइव्हवर पाणी सोडून आधी डेटा काढणाऱ्याकडे जावं.